गच्चीचा ठराव

नेकनूरहून स्कूटीवर निघून लिंबागणेश मागं टाकलं, की डोंगराच्या खोबणीत आमच्या शाळेचं गाव आहे. गावाआधी आता शाळेच्या गच्चीवरचा टॉवर दिसतो. टॉवर म्हणजे रानात उभा असतो तो भला मोठा सांगाडा नव्हे. दोन पुरुष उंचीचे तीन लोखंडी खांब, त्यांवर पांढऱ्या पेट्या, खाली सिमेंटचा ओटा आणि ओट्यावर बॅटऱ्यांचं कपाट, एवढंच. पण तो दिसला की माझी सकाळ नासते. कुणावर तरी खेकसल्याशिवाय मग पहिला तास जात नाही. शिपाई म्हणतो, बाईंना अलीकडे पित्त झालंय. पित्त कशाचं डोंबलाचं! तो टॉवर मी आणलाय, माझ्या हातानं लिहून दिलंय, ते मला डाचतं.

मी या शाळेची मुख्याध्यापिका. तोंडाची फटकळ म्हणून तालुक्यात नाव आहे. शाळा तपासायला येणारे केंद्रप्रमुखसुद्धा माझ्या टेबलासमोर बसायच्या आधी पाणी मागतात. कुणाच्या बापाला भ्याले नाही, असं मी पूर्वी जिथं तिथं सांगायची. आता सांगत नाही.

टॉवर यायच्या आधी गावात रेंज नव्हती. म्हणजे एकाच जागी होती, शाळेच्या गच्चीच्या मावळतीकडच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीला टेकून उभं राहिलं तर. दसरा झाला की आमचं गाव रिकामं होतं. टोळ्या ट्रॅक्टरवर बसून ऊसतोडीला जातात, कुणी सांगलीकडं, कुणी कर्नाटकात. घरांना कुलपं लागतात आणि पोरं शाळेच्या हंगामी वसतिगृहात राहतात. एका वर्गखोलीत मुली निजायच्या, दुसरीत मुलगे, आणि स्वयंपाकाच्या मावशी रात्री मुलींच्या खोलीत दाराशी आडव्या व्हायच्या. रोज संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी माझा फोन घेऊन गच्चीवर जायची. पोरं जिन्यात ओळीनं बसायची. एकेकाला दोन मिनिटं. त्यातलं एक मिनिट ‘हॅलो, ऐकू येतंय का’ यातच जायचं. उरलेल्या मिनिटात जेवलास का, खोकला गेला का, बैल कसे आहेत. एकानं फोन ठेवला की दुसरा लगेच हात पुढं करायचा.

चौथीतली एक मुलगी मात्र बोलायचीच नाही. ती पुस्तक घेऊन वर यायची आणि आईला त्या दिवशीचा धडा वाचून दाखवायची. आई तिकडं दिवसभर मोळ्या वाहून आलेली असायची, चुलीपुढं बसून ऐकायची. मधेच रेंज जायची. मग पोरगी बोट त्याच शब्दावर ठेवून थांबायची, फोन पुन्हा लागला की तिथून पुढं. कधीकधी एक धडा तीन दिवस चालायचा. मी एकदा चिडून म्हटलं, अगं, आईशी चार शब्द बोल की. तर म्हणाली, आईच म्हणती वाच. उरलेल्या पोरांना मी गप्प बसवलं आणि तिला दोनाची पाच मिनिटं दिली.

या मुलीची आई आमच्या शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष होती. बाकीच्या पालकांनी अंग काढून घेतलं आणि ही मागच्या बाकावरून म्हणाली, ‘मी होते की.’ सगळे हसले. ती नाही हसली. वाचता यायचं नाही, पण सही पोरीकडून शिकलेली. अक्षरं मोठाली, आधी सगळी अक्षरं काढायची आणि मग शेवटी डावीकडून उजवीकडं एक लांब रेघ मारायची. रेघ मारताना जीभ दाताखाली धरायची. उन्हाळ्यात ती बीडला मिस्त्रीच्या हाताखाली बांधकामावर जायची, त्यामुळं सिमेंट, सळई, स्लॅब यांतलं तिला माझ्यापेक्षा पुष्कळ कळायचं.

आता एक गोष्ट कबूल करते, जी आमच्याकडच्या कितीतरी शाळांत चालते आणि कुणीच बोलत नाही. समितीची सभा दर महिन्याला घ्यावी लागते. ठराव लिहावा लागतो, त्याखाली सभासदांच्या सह्या लागतात. सभासद तर उसाच्या फडात. मग करायचं काय? दसऱ्याच्या सुमारास, टोळ्या निघायच्या आधी, मी इतिवृत्ताच्या रजिस्टरात पाच-सहा कोरी पानं आखायची. वरच्या अकरा ओळी ठरावासाठी सोडायच्या आणि त्याखाली सगळ्यांच्या सह्या घेऊन ठेवायच्या. गणवेश वाटप, पोषण आहार, वसतिगृहाचा अहवाल, असले ठराव अकरा ओळींत आरामात बसायचे. यात खोटं काही आहे असं ना मला वाटायचं, ना त्यांना. लोक त्याला ‘निघायची सही’ म्हणायचे. सामान बांधलं, बैलांच्या शिंगांना रंग दिला, घराच्या किल्ल्या शेजारी ठेवल्या, तशी शाळेत सही ठेवली.

त्या वर्षी अध्यक्षीणबाई सही करायला आली, नेमका त्याच दिवशी सरपंच एका माणसाला घेऊन आले. हा माणूस मोबाइल कंपनीसाठी जागा बघत फिरत होता. गावात सगळ्यात उंच पक्की इमारत शाळेचीच. गच्ची भाड्यानं द्यायची, भाडं ग्रामपंचायतीला, गावाला रेंज, शाळेला इंटरनेट फुकट. मात्र शाळा समितीचा ना हरकत ठराव लागेल, असं त्यानं सांगितलं. आम्ही सगळे वर गेलो. अध्यक्षीणबाईही आली. तो माणूस यंत्र डोळ्याला लावून डोंगराकडं बघत होता, आणि ही चप्पल काढून अनवाणी पायांनी स्लॅबवर फिरत होती. एका जागी थांबली, टाच आपटली, वाकून बघितलं. मग माझ्याकडं आली.

‘रेंज पायजेच बाई,’ ती म्हणाली. ‘पर पोरी निजत्यात त्या खोलीवर काय बी चढवू नका. तिचा स्लॅब पोकळ वाजतोय. स्वयंपाकाची खोली नवी हाय, तिच्यावर बसवा. एवढं लिव्हा.’

मी म्हटलं, लिहिते. तू बिनघोर जा.

तिनं पाचही पानांवर सह्या केल्या. प्रत्येक सहीची रेघ नीट ओढली. दुसऱ्या दिवशी सकाळी टोळीचा ट्रॅक्टर शाळेवरून गेला. तिनं ट्रॉलीतून हात केला आणि पोरगी फाटकाच्या वर चढून बघत राहिली. मग मी तिला ओरडून खाली उतरवली.

त्या वर्षी वरून जादा ठराव मागितले गेले, त्यामुळं चार पानं लवकरच आपापल्या कामी लागली. डिसेंबरात एके दुपारी सरपंच पुन्हा आले, घाईत. कंपनीचा माणूस फाटकाबाहेर मोटारसायकल चालू ठेवून उभा होता. आज कागद मिळाला तर ठीक, नाहीतर टॉवर पलीकडच्या गावाला जातोय, ते लोक दारात उभे आहेत, असं सरपंचांचं म्हणणं. आदल्या संध्याकाळी गच्चीवर रेंज अजिबात लागली नव्हती. पस्तीस पोरं जिन्यात ताटकळली होती, आणि ती मुलगी बोट शब्दावर ठेवून अंधार पडेपर्यंत उभी होती. ते माझ्या डोळ्यांपुढं होतं. मला तो टॉवर हवा होता. कुणी माझ्यावर जबरदस्ती केली असं मी म्हणणार नाही.

रजिस्टर काढलं, शेवटचं कोरं पान उघडलं आणि लिहायला बसले. आमची सरकारी भाषा तुम्हाला माहीतच आहे. आज दिनांक अमुक रोजी शाळेच्या कार्यालयात माननीय अध्यक्षांच्या अध्यक्षतेखाली सभा संपन्न झाली, सर्व सभासद प्रत्यक्ष हजर होते, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले. एवढ्यातच सहा ओळी गेल्या. मग गच्चीचा विषय, कशासाठी, किती वर्षांसाठी. नऊ ओळी झाल्या, दहावी संपत आली. आणि खाली तिची सही. त्या मोठ्या अक्षरांवरची लांब रेघ अकराव्या ओळीला जवळजवळ टेकलेली.

अटींना जागाच उरली नाही.

मी पेन धरून बसले. बारीक लिहून बघावं म्हटलं, पण ‘मुलींच्या निवासाची खोली वगळून’ एवढं सुद्धा बसेना. सरपंच शेजारी उभे. म्हणाले, कावून थांबलात? मी सांगितलं, अट राहते. ते म्हणाले, ती काय लिव्हायची गोष्ट हाय का, तोंडी सांगू की, मी हाय ना. आज मला दहा मार्ग सुचतात. पुरवणी कागद जोडता आला असता. समासात लिहून मी सही करू शकले असते. पान फाडून नवं लिहिलं असतं, पण नव्या पानावर सह्या कुठल्या आणायच्या? सह्या करणारे तीनशे किलोमीटरवर. बाहेर मोटारसायकल फटफटत होती. मी अकराव्या ओळीत ‘सर्वानुमते मंजूर’ लिहिलं आणि शिक्का मारला. त्या माणसानं आत येऊन पानाचा फोटो काढला, प्रत घेतली आणि गेला.

संक्रांतीनंतर काम सुरू झालं, तेही रविवारी, मी गावात नसताना. सोमवारी येऊन बघते तर ओटा बांधून तयार, आणि बरोब्बर मुलींच्या खोलीवर. ती खोली रस्त्याच्या बाजूला होती, दोरानं सामान ओढायला सोपी. मी असा काही तमाशा केला की पोरं वर्गातून बाहेर आली. कामावरचा मुकादम शांत माणूस होता. शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. त्यानं खिशातून फोन काढला, माझ्याच अक्षरातला ठराव मोठा करून दाखवला आणि विचारलं, ‘मॅडम, यात कुठं लिहिलंय तेवढं दाखवा.’ सरपंच म्हणाले, आता झालंय बाई, एवढ्यानं काय स्लॅब पडत न्हाई. केंद्रप्रमुखांना पाणी प्यायला लावणारी मी, खाली मान घालून वर्गात गेले आणि पाढे म्हणून घेतले.

मग रेंज आली. तिचा आनंद झाला नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. पोरं ओसरीत, झाडाखाली, कुठंही बसून बोलायला लागली. जिन्यातली ओळ संपली. पहिल्याच संध्याकाळी अध्यक्षीणबाईचा फोन आला. आधी पोरीनं अख्खा धडा एका दमात वाचून दाखवला, न थांबता. मग आईनं फोन माझ्याकडं मागितला. आवाज लई साफ येतोय बाई, म्हणाली, शेजारी बसल्यावानी वाटतंय. खुशीत होती. आणि मग तिनं विचारलं, टॉवर स्वयंपाकाच्या खोलीवरच बसवला ना?

मी हो म्हणाले.

ती लांब आहे, येऊ शकत नाही, उगाच जिवाला घोर कशाला, अशी मी माझी समजूत घातली. खरं सांगायचं तर मला तिची भीती वाटली. कुणाच्या बापाला न भिणारी मी त्या फोनमधल्या बाईला भ्याले.

फेब्रुवारीत एका दुपारी पोरं अंगणात खिचडी खात होती. मुलींच्या खोलीतून धप्पकन आवाज आला. धावत जाऊन बघितलं तर छताचा परातीएवढा तुकडा खाली. वर गंजलेल्या सळया उघड्या पडल्या होत्या आणि खोलीभर धूळ. तुकडा पडला होता भिंतीशी घडी करून ठेवलेल्या एका वाकळेवर, आईच्या जुन्या लुगड्याची शिवलेली. ती धडा वाचणारी पोरगी माझ्या मागून आली आणि म्हणाली, बाई, माझी वाकळ. तिनं ती ओढून काढली, झटकली, नीट घडी घातली. दिवसा पडलं म्हणून निभावलं. रात्री पडलं असतं तर, या विचारानं मी त्या दिवशी जेवले नाही.

त्याच तासाला मुलींचं सामान दुसरीच्या वर्गात हलवलं, खोलीला कुलूप लावलं. आणि मग मी केलं ते सगळ्यात वाईट. सगळ्या पोरांना ओळीत बसवून सांगितलं की फोनवर हे कुणी बोलायचं नाही, आईवडिलांना काळजी लागेल. पोरं शहाणी, हो म्हणाली. संध्याकाळी त्या पोरीनं आईला धडा वाचून दाखवला. शब्द एकही अडला नाही. वाचताना मधेमधे माझ्याकडं बघत होती, मी सांगितलेलं पाळतेय ना, हे मला कळावं म्हणून. मी उठून मावशींकडं चहा मागायला गेले.

पाडव्याच्या तोंडावर टोळ्या परतल्या. पोरीची आई घराचं कुलूप न उघडता, डोक्यावरचं बोचकं फाटकाशी ठेवून थेट शाळेत आली. टॉवर तिला रस्त्यावरूनच दिसला होता. पोरगी पळत जाऊन बिलगली. तिनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला, पण डोळे गच्चीवर. मग खिडकीतून बंद खोलीत बघितलं. खूप वेळ बघितलं. मला वाटलं आता ही शिव्या देईल, आणि देवाशपथ सांगते, मी त्याची वाट बघत होते. ती ऑफिसात आली, खुर्चीवर न बसता उभी राहिली आणि म्हणाली, ते सह्यांचं रजिस्टर द्या.

नियम सांगून टाळता आलं असतं. मी काढून दिलं. तिनं पानं उलटली, आपली सही ओळखली आणि रजिस्टर पोरीच्या हातात दिलं.

‘वाच.’

पोरगी वाचायला लागली. मीच शिकवलेलं वाचन, पूर्णविरामाला थांबायचं, स्वल्पविरामाला श्वास घ्यायचा. माननीय अध्यक्षांच्या अध्यक्षतेखाली. इथं तिनं हसून आईकडं बघितलं. सर्व सभासद प्रत्यक्ष हजर होते. इथं ती अडखळली. मागं जाऊन तारीख पुन्हा वाचली. ‘पर आई, तवा तू कारखान्यावर होतीस ना?’ आईनं पुढं वाच म्हणून हातानं खुणावलं. पोरीनं पुढचं वाचलं, थेट ‘सर्वानुमते मंजूर’पर्यंत, आणि खालची सहीसुद्धा वाचली.

‘अन् मी म्हणले ते?’ आईनं विचारलं. मला नाही, पोरीला.

पोरीनं पान उलटून मागं बघितलं, पुढचं पान बघितलं. ‘न्हाई आई. एवढंच हाय.’

मी बोलायला लागले. जागा पुरली नाही, सरपंच घाई करत होते, ते तोंडी सांगणार होते. पुढं पुढं माझा आवाज चढला, चूक झाली की माझा आवाज चढतो. तिनं सगळं ऐकून घेतलं. रजिस्टर टेबलावर सरळ ठेवलं, पोरीचा हात धरला, आणि दोघी गेल्या. पोरीनं दारातून रोजच्यासारखं ‘येते बाई’ म्हटलं.

त्यानंतर मी जे करायचं ते सगळं केलं. अर्ज लिहिले, पंचायत समितीत चकरा मारल्या, सरपंचांशी कडाकडा भांडले. इंजिनिअर आले, छोट्या हातोडीनं छत वाजवून बघितलं आणि खोली वापरायची नाही असा कागद देऊन गेले. टॉवर तसाच राहिला, त्याचा करार बरीच वर्षं आहे. मुलींची कायमची सोय स्वयंपाकाच्या खोलीशेजारी झाली, तिथला स्लॅब पक्का आहे. कोऱ्या पानांवर सह्या घेणं मी बंद केलं. महिन्याची सभा होत नसेल तर ‘सभा झाली नाही’ असं लिहिते आणि वरून बोलणी खाते.

दसऱ्याला मी तिच्या घरी गेले. ती कोयत्याला मूठ बसवत होती. मी सांगितलं, खोली बदललीय, चल बघून घे, तू सांग तसं लिहिते, तुझ्यासमोर लिहिते, पोरगी वाचून दाखवेल, मग सही कर. ती मूठ ठोकत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, ‘लिव्हायचं तवा लिव्हलं न्हाई बाई.’ पोरगी यंदा आईच्या संगं फडावर जाणार होती. मी पाचवीचं पुस्तक घेऊन गेले होते. पोरीनं ते वाकळेच्या घडीत घातलं.

आता हंगाम चालू आहे. पोरं संध्याकाळी ओसरीत बसून आईबापांशी बोलतात, कितीही वेळ. परवा माझा फोन वाजला. पोरीचाच होता. पाठीमागं बैलांच्या घंट्या, कुणीतरी खोकलेलं, चुलीत लाकूड मोडलेलं, सगळं ऐकू येत होतं. ‘बाई, कितवा धडा चालूय?’ तिनं विचारलं. मी सांगितलं, नववा. ‘मंग माझे पाच मागं राहिले,’ ती म्हणाली आणि हिशोब केल्यासारखी थांबली. मी म्हटलं, रोज फोन कर, मी वाचून दाखवते. तेवढ्यात आईनं फोन घेतला. दसऱ्याच्या त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलली नव्हती. मी विचारलं, थंडी फार आहे का, उसाच्या वाळल्या पाल्याच्या त्या कोपीत नीट निजता येतं का पोरीला.

‘निजती की,’ ती म्हणाली. ‘कोपीवर पाचटच हाय बाई. पडलं तरी लागत न्हाई.’